खालचं अर्धं पान

इर्बिद, ५ मे

सुंदुस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पेन उचललं. तुझ्या मावशीने निरोप दिला, फोन तिने कपाटात टाकलाय, काय असेल ते कागदावर लिहा. हरकत नाही. कागदाचा तोटा आपल्याकडे कधीच नव्हता. अकाबाच्या बसवरचा अबू नाइफ हे पत्र पोचवील. सोबत मआमूल बिस्किटांचा डबा आहे. खजुराचे वरच्या थरात, तुझ्या आवडीचे पिस्त्याचे खाली. मावशीला आधी वरचा थर दाखव.

दुकान जोरात आहे. एक जूनपासून परीक्षा, त्यामुळे नोट्सच्या प्रती काढून काढून यंत्रं तापलीत. मोठं यंत्र परवा अडलं. मेकॅनिक दोन तास पोट उघडून बसला होता. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, दोन पानं फिरू दिली आणि म्हटलं, मधला रूळ झिजलाय. मधलाच निघाला. आठवी शिकलेला माणूस आहे मी, पण कान चांगले मिळालेत.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी आम्ही त्या मुलाच्या गावाला गेलो आणि शनिवारी सकाळी तू बॅग घेऊन निघून गेलीस. तिथे काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसणार, म्हणून मीच सांगतो.

ती 'भिंत' की काय म्हणता तुम्ही, जिच्यावर कुणीही नाव न सांगता काहीही लिहावं आणि सगळ्या विद्यापीठाने फोनवर वाचावं, तिच्यावर तुझ्याबद्दल लिहून आलं. तुझ्या काकाने मला त्याचा फोटो दाखवला. पाच ओळी. 'एक मुलगी आहे. तिचं नाव सगळं विद्यापीठ रोज टाइप करतं. ती रोज दुपारी प्रयोगशाळेच्या खालच्या जिन्यात बसते. तिच्या मुठीत अर्धी गोळी असते. तिला कुणी ओळखत नाही.' आता नाव सगळं विद्यापीठ टाइप करतं म्हणजे कोण, ते सांगायला शहाणा लागत नाही. दुकानाच्या फुकट वायफायचा पासवर्ड तुझं नाव आहे. तो मीच ठेवला, कौतुकाने. तू जन्मलीस तेव्हा लोक म्हणाले, मुलगा होऊ दे, मग तुला अबू अमुक, अमुकचा बाप, म्हणू. मी दुसऱ्याच दिवशी पाटी रंगवून घेतली, अबू सुंदुस. त्या नावावर कुणी जिना आणि गोळ्या लिहिल्या तर मी गप्प बसेन का?

भिंत कोण चालवतो ते मला दुकानातच ऐकू आलं. दोन मुलं रांगेत कुजबुजत होती, कुतैबाला पाठव, तो टाकेल. कुतैबा म्हणजे इंजिनियरिंगचा शेवटच्या वर्षाचा, अजलूनच्या रस्त्यावरच्या गावचा, निवृत्त मास्तरांचा मुलगा. मग मी त्यांच्या घरी रीतीने गेलो. चाळीस माणसं घेऊन, पुढे तंटे मिटवणारे दैफुल्ला पाशा. पाशांनी कॉफीचा कप समोर ठेवला आणि सांगितलं, तुमचा शब्द मिळेपर्यंत ही कॉफी कुणी ओठाला लावणार नाही. मास्तरांनी मुलाला बोलावलं. त्याने कबूल केलं. मास्तर म्हणाले, कॉफी घ्या. आम्ही घेतली. शोभेलसं झालं. मुलाला विशेष काही झालं नाही, वडील जरा रागावले एवढंच.

तेव्हा आता रुसवा सोड आणि ये. वर्ष वाया घालवू नकोस.

तुझा बाबा

*

इर्बिद, ११ मे

सुंदुस,

तुझं पत्र मिळालं. पाच दिवस वाट पाहिली आणि आली एक ओळ. 'कुतैबाचं काय झालं ते लिहा. सगळं लिहा.' तुझी आई वाचून म्हणाली, मुलगी तुमच्यापेक्षा चांगलं लिहिते, कागद वाया घालवत नाही.

तर सगळं लिहितो.

वडील जरा रागावले असं मी लिहिलं होतं. मास्तरांनी त्याचा फोन उंबऱ्यावर ठेवून टाचेने फोडला. मग चाळीस माणसांसमोर शपथ घेतली की हा मुलगा पुन्हा विद्यापीठाचं फाटक ओलांडणार नाही. आता तो मामाच्या दगडाच्या कारखान्यात आहे. घरांना लावायचा पांढरा दगड कापतात तिथे. मी मुद्दाम नाही, कामासाठीच त्या रस्त्याने गेलो होतो. खरं सांगायचं तर मुद्दामच गेलो होतो. कुतैबा भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. मला पाहून त्याने करवत बंद केली, सलाम केला आणि पुन्हा सुरू केली. मी काही बोललो असतो तर त्या आवाजात मलाच ऐकू आलं नसतं.

विद्यापीठाचा नियम तुला माहीत आहे. पंचवीस मेपर्यंत हजर झाला नाही तर त्याला परीक्षेला बसू देणार नाहीत. शेवटचं वर्ष आहे त्याचं.

आणखी एक. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. पाशांनी विचारलं, कुणी लिहिलं? तो म्हणाला, "मी लिहिलं. खोटं लिहिलं." पण बोलण्याआधी त्याने श्वास घेतला. कागद अडकण्याच्या आधी यंत्र घेतं तसा, अर्धाच. माझे कान म्हणाले, लिहिलंय ते खोटं नाही, हा आत्ता बोलतोय ते खोटं आहे. मी कानांना गप्प बसवलं. चाळीस कपांतली कॉफी थंड होत होती.

तो खोटं का बोलला असेल? तुला माहीत असेल तर लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल.

बाबा

*

इर्बिद, १४ मे

सुंदुस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

काल तुझ्या वर्गातली रुबा नोट्स घ्यायला आली. फोन माझ्या बोर्डाला लावला आणि त्याच्याजवळ उभी राहिली, दवाखान्यात सलाईनशेजारी नातेवाईक उभे राहतात तशी. मी तिला विचारलं, तुझी मैत्रीण कशी आहे? ती म्हणाली, "तुम्ही मला विचारताय, काका?" मग म्हणाली, "तुम्ही सगळं वाचलंत ना ते?" मी म्हटलं, वाचलं, पाच ओळी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला दुकानातली बाकीची मुलं ऐकू येईनाशी झाली.

ती म्हणाली, "पाचच?"

मी म्हटलं, फोनवर नको, मला कागदावर दे. तिने फोनवरून यंत्राला पाठवलं. माझ्याच यंत्रातून, मीच बदलायला लावलेल्या रुळावरून, पान बाहेर आलं. वरच्या अर्ध्या भागात त्याच पाच ओळी. काकाला फोटो पाठवणाऱ्याने तिथेच कापलं होतं. खालचा भाग असा होता:

'ती मुलगी मी आहे. जिन्यात कुणी येत नाही म्हणून मी तिथे बसते. वर्गाच्या ग्रुपवर रोज तीनशे निरोप येतात, कुणाचं किती वाचून झालं, कुणाला किती मिळाले. फोन बंद केला तर मी मागे पडते, चालू ठेवला तर झोप येत नाही. मग अर्धी गोळी. आधी आठवड्यातून एकदा होती, आता रोज आहे. माझ्या बाबांना यंत्राच्या आवाजावरून कळतं कुठला रूळ झिजलाय. मी रोज जेवताना म्हणते, ठीक आहे. त्यांना ते ठीक ऐकू येतं. असं आणखी कुणाला होतं का? होत असेल तर काही लिहू नका. फक्त एक टिंब टाका.'

मी उभ्यानेच वाचलं. तोवर यंत्र थांबलं नव्हतं. दुसरं पान आलं, तिसरं, चौथं. पानभर काळे ठिपके. मला वाटलं ड्रम खराब झाला, शाई गळतेय. मी झाकण उघडायला गेलो. रुबा म्हणाली, "काका, यंत्र ठीक आहे. ती मुलांची टिंबं आहेत."

चारशे बारा. मी मोजली.

हीच मुलं रोज माझ्या दुकानात उभी असतात, सुंदुस. मी त्यांच्यासाठी चौदा प्लग बसवले, वायफाय ठेवलं, कारण फोन चार्ज होईस्तोवर माणूस काहीतरी विकत घेतोच. त्या हिशेबात मी हुशार होतो. खाली घातलेल्या मानांना मी गिऱ्हाईक समजत होतो.

ते तूच लिहिलंस हे त्या मुलाने चाळीस माणसांपासून लपवलं आणि मी त्याच्याच घरची कॉफी पिऊन आलो.

फोनवर ते टिंब कसं टाकतात ते मला येत नाही. म्हणून इथे टाकतो.

.

*

इर्बिद, १८ मे

सुंदुस,

पंचवीस तारखेला आज सातच दिवस उरलेत. तुला विचारल्याशिवाय मी एक पाऊल टाकणार नाही, म्हणून नीट वाच.

पाशांकडे गेलो होतो. म्हटलं, आपण त्या घरी परत जाऊ, झालं ते उलटं करू. पाशा म्हणाले, "अबू सुंदुस, तीस वर्षं मी लोकांची भांडणं मिटवतोय. मिटवलेलं उकरायला आजवर कुणी बोलावलं नाही." कारण विचारलं. मी कारण सांगितलं नाही, कारण ते कारण तुझं आहे. म्हणाले, कारणाशिवाय माझा शब्द मागे येत नाही. बरोबर आहे त्यांचं.

मग एकटाच मास्तरांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली नाही. मी म्हटलं, मुलाला जाऊ द्या, माझा राग गेला. ते म्हणाले, तुमचा राग गेला, पण माझा मुलगा खोटारडा ठरला तो ठरलाच. तो खोटारडा नसेल तर सांगा, खरं काय आहे? मी उठलो. त्यांनी फाटकापर्यंत सोडलं.

म्हणजे गोष्ट अशी आहे की तुझं नाव घेतल्याशिवाय त्याचं नाव धुतलं जात नाही. मला वाटतं एकट्या मास्तरांना सांगावं, दार लावून. ते पोटात ठेवतील. बाहेर गेलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. लोक म्हणतील, मुलगी गोळ्या घेते. उद्या स्थळं येतील तेव्हा हेच आधी पोचलेलं असेल. तुझी आई म्हणते, येऊ देत, ज्यांना चालणार नाही त्यांची कॉफी वाचली. पण ती रागात काहीही म्हणते.

ते छापलेलं पान सोबत पाठवतोय. हो म्हणालीस तर मास्तरांना वाचून दाखवीन. नाही म्हणालीस तर फाडून टाक, मी पुन्हा विचारणार नाही. आणि माझ्याशी बोललीच पाहिजेस असंही नाही. हा त्याच्यासाठीचा प्रश्न आहे.

गोळ्या मावशीजवळ दे. हेही मी विचारतोय, सांगत नाही.

बाबा

*

इर्बिद, २४ मे

सुंदुस,

पान परत आलं. पाकिटात पत्र नव्हतं, म्हणून ते आधी झटकून पाहिलं. मग पान उलगडलं. खाली तुझी निळी सही होती आणि सहीखाली लिहिलं होतं, 'मास्तरांना एकट्याला नाही. ज्या चाळीस जणांनी कॉफी घेतली त्यांना सगळ्यांना.'

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. तुझी आई म्हणाली, "बसलात काय? प्रती काढा."

चाळीस काढल्या. आयुष्यात लाखो पानं काढली असतील, या चाळीस मात्र एकेक करून हाताने मोजल्या. गुरुवारी सकाळपासून घरोघरी गेलो. प्रत्येकाला म्हटलं, त्या शुक्रवारी आपण अर्धं वाचून गेलो होतो, हे उरलेलं. काहींनी दारातच वाचलं. एकाने पान परत केलं आणि म्हणाला, पोरीला आवर. तुझा काका वाचून म्हणाला, मला जसा आला तसा फोटो मी दाखवला. मग त्याने फोन खिशात घातला आणि पुन्हा काढला नाही. पाशांनी चष्मा मागवला. दोनदा वाचलं. मागची टिंबांची पानंही मी जोडली होती, तीही उलटून पाहिली. मग मला विचारलं, "यात माझ्या नातवाचं असेल का रे?" मी म्हटलं, नावं नाहीत, पाशा. त्यांनी दार लावून घेतलं.

काल शुक्रवारी चाळिसांतले सहा आले. पाशा आले नाहीत. सातवी तुझी आई. मी म्हटलं, यात बायका येत नाहीत. ती गाडीत बसलेली होती. म्हणाली, "गेल्या वेळी चाळीस पुरुष गेलात आणि एकालाही पूर्ण वाचता आलं नाही."

मास्तरांच्या बैठकीत ती आमच्या रांगेतच बसली. मास्तरांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. कॉफी आली. मी कप समोर ठेवला. पाशांचं काम मला करायचं होतं आणि मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं की मास्तर, ही कॉफी तुमच्या मुलासाठी थांबलीय, आणि कारण असं आहे. मग पान काढलं.

वरच्या पाच ओळी मी धडपणे वाचल्या. 'ती मुलगी मी आहे' हेही वाचलं. रुळापर्यंत आलो. पुढचं वाक्य तुला माहीत आहे. तिथे अडकलो. खोकलो, पाणी प्यायलो, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकलो. तुझ्या आईने पान हातातून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. सही कुणाची तेही वाचलं. तिचा आवाज एकदाही हलला नाही.

मास्तरांनी कुतैबाला बोलावलं. तो कारखान्यातून तसाच आला होता, कानांच्या मागे पांढरी भुकटी. मास्तर म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस? मी तुझा बाप आहे."

कुतैबा म्हणाला, "तिने ते मला पाठवलं होतं, बाबा. तुम्हाला नाही."

चाळीस वर्षं मुलांना शिकवलेले मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शपथ मोडल्याची भरपाई दहा गरिबांना जेवण. ती मी घालीन. पण मी याला चाळीस माणसांसमोर खोटारडा म्हणालो, त्याची भरपाई कशी करतात, अबू सुंदुस?"

मी म्हटलं, चाळीस घरी हे पान पोचलंय. मला एवढंच येतं.

मास्तरांनी ते पान माझ्याकडून मागून घेतलं, घडी घातली आणि मुलाच्या मळक्या खिशात ठेवलं. मग त्यांनी आधी तुझ्या आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "कॉफी घ्या, इम्म सुंदुस."

कॉफी थंडगार झाली होती. आम्ही सगळ्यांनी संपवली.

निघताना कुतैबा गाडीपाशी आला. मला वाटलं, चार शब्द ऐकवेल, आणि मी ते ऐकायला तयार होतो. त्याने विचारलं, "ती आता झोपते का?"

त्याचा प्रश्न तसाच तुला पाठवतो.

बाबा

*

इर्बिद, २६ मे

सुंदुस,

काल सकाळी आठ वाजता कुतैबा दुकानासमोरच्या फाटकातून आत गेला. मी पायरीवरून पाहिलं. हजेरी लागली, परीक्षेला बसेल.

वायफायचा पासवर्ड बदललाय. आता नुसते आकडे आहेत, बारा. कुणाला पाठ होत नाहीत, मुलं मला शिव्या घालतात. घालू देत. निम्म्या प्लगांपाशी मी बाकं ठेवली. काही घेतलं नाही तरी बसता येतं. कुणी बोलत नाही अजून. काल दोघं बोलली, म्हणजे एकाने दुसऱ्याला विचारलं की फोन सरकव. सुरुवात म्हणायची.

आणि काल संध्याकाळी तू फोन उचललास. मावशीच्या फोनवरून का होईना. मला इतकं बोलायचं होतं आणि मी फक्त विचारलं, कशी आहेस? तू म्हणालीस, ठीक आहे. मग मी परीक्षेचं विचारीन म्हणून थांबलीस. मी विचारलं नाही, मग आपण दोघांनीही फोन ठेवला.

पण सुंदुस, त्या 'ठीक आहे'च्या आधी तू श्वास घेतलास. अर्धाच. मला ऐकू आलं.

तू ठीक नाहीस.

परीक्षा एक तारखेला आहे आणि एक तारीख पुढच्या वर्षीही येते. रजेसाठी डॉक्टरांचा कागद लागतो, तो कुठे मिळतो ते तुझ्या आईने शोधून ठेवलंय. दुकान तीच उघडणार आहे. अबू नाइफच्या बसमध्ये तिसऱ्या रांगेत खिडकीजवळची जागा मला मिळालीय, मांडीवर डबा ठेवून लिहितोय. या खेपेला वरच्या थरात पिस्त्याचे आहेत.

बस आता सुटेल. हे पत्र मी अबू नाइफकडे देत नाही. तू दार उघडलंस की हातातच देतो.